आडरानांतील ओसरी

पुण्याहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांचा धाकटा मुलगा अमेरिकेंत शिकावयास आहे आणि येत्या मे महिन्यांत तो तिघां मित्रांबरोबर तेथील ॲपलॅचियन डोंगरांतून आठ दिवस पायीं हिंडावयास जाणार आहे. "रात्रीं आम्ही वाटेवरच्या निवाऱ्यांत राहूं, काळजी करूं नकोस," एवढेंच त्यानें आईस कळविलें. अशा वाक्यानें आईची काळजी कमी होत नसते, वाढते. त्या विचारतात : हे निवारे म्हणजे काय? तेथील खोल्या आगाऊ राखून ठेवाव्या लागतात काय? अंथरूण-पांघरूण तेथें मिळतें कीं बरोबर न्यावें लागतें? दाराला कडी असते ना? आणि मुलास घरचे चार लाडू पाठविले तर त्या रानांत चालतील काय?

कडीविषयींच्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत लहान, म्हणून तें आधीं देऊन टाकतों. कडी नसते, कारण दारच नसतें. लाडवांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं. तें शेवटासाठीं राखून ठेवतों.

मी कांहीं डोंगर चढणाऱ्यांपैकीं नव्हे. परंतु सन २०१९ च्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्याकडे, वॉशिंग्टन शहराजवळ, दोन महिने राहण्याचा योग आला असतां त्यानें, सूनबाईंनीं आणि त्यांच्या बारा वर्षांच्या चिरंजीवानें मिळून मला त्याच वाटेवर तीन रात्रींसाठीं ओढून नेलें. त्यांतील दुसऱ्या रात्रीं माझ्या हातून जें घडलें तें मोठ्या तोंडानें सांगण्यासारखें नाहीं. पण तें सांगितल्यावांचून या पत्रास खरें उत्तर देतां येणार नाहीं, म्हणून सांगतों.

आधीं वाटेविषयीं. बेंटन मॅकाय नांवाच्या वनशास्त्रज्ञानें सन १९२१ मध्यें वास्तुशिल्पकारांच्या एका नियतकालिकांत लेख लिहून अशी कल्पना मांडली कीं, अमेरिकेच्या पूर्व भागांतील डोंगरमाथ्यावरून उत्तर-दक्षिण अशी एक अखंड पायवाट असावी आणि तिच्यावर सोईच्या अंतरावर रात्रीं टेकण्याचे निवारे असावे. सन १९३७ मध्यें ती वाट पुरी झाली. आज ती दक्षिणेस जॉर्जिया संस्थानांतील स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेस मेन संस्थानांतील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा संस्थानांतून जाते. लांबी सुमारें २,१९० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. सबंध वाट एका हंगामांत चालणारेही पुष्कळ असतात. त्यांस पांच ते सात महिने लागतात. अर्ल शॅफर नांवाचा गृहस्थ सन १९४८ मध्यें ती प्रथम अशी चालला, आणि सन १९५५ मध्यें एमा गेटवुड नांवाची ६७ वर्षांची आजीबाई, अकरा मुलांची आई, पायांत कॅन्व्हासचे बूट व खांद्यावर घरीं शिवलेली पिशवी एवढ्या सामानानिशीं एकटीच ती पार करून आली. या बाईनें वाटेविषयीं एका मासिकांत वाचलें होतें, आणि मासिकांतला निवारा व डोंगरावरचा निवारा यांत पुष्कळ अंतर असल्याचें तिला चालूं लागल्यावर कळलें. कित्येक रात्रीं तिला पालापाचोळा गोळा करून त्यावर, किंवा वाटेवरच्या एखाद्या घराच्या ओसरीवरील झोपाळ्यावर काढाव्या लागल्या. मासिकांत लिहिणाऱ्या आम्हां मंडळींनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तेव्हां निवाऱ्याचें वर्णन जपून करतों. आपल्याकडील जुन्या घराच्या ओसरीचा एक तुकडा कापून रानांत नेऊन ठेवला, तर तो जसा दिसेल तसा हा निवारा दिसतो. तीन बाजूंस ओंडक्यांची, फळ्यांची किंवा दगडांची भिंत, चौथी बाजू सताड उघडी, वर उतरतें छप्पर, आणि आंत जमिनीपासून हात-दीड हात उंच असा फळ्यांचा ओटा. त्या ओट्यावर ओळीनें पथाऱ्या टाकावयाच्या, बस. खाट नाहीं, दिवा नाहीं, अंथरूण नाहीं, रखवालदार नाहीं. जवळपास बहुधा झरा असतो, थोडें दूर शौचकूप असतो. असे २५० हून अधिक निवारे या वाटेवर आहेत. दोहोंमधील अंतर कोठें पांच मैल तर कोठें पंधरा. मुख्य वाटेच्या खुणा म्हणून झाडांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगविलेले असतात. निवाऱ्याकडे किंवा पाण्याकडे फुटणाऱ्या आडवाटेवर ते निळे होतात. हे सारें नीट राखण्याचें काम सुमारें तीस स्थानिक मंडळांतील माणसें करितात, आणि त्यांतील बहुतेक बिनपगारी असतात. सुट्टीच्या दिवशीं करवत-कुऱ्हाड घेऊन डोंगर चढावयाचा, कुजलेली फळी बदलावयाची, शौचकूप उपसावयाचा आणि सोमवारीं पुन्हां कचेरींत हजर व्हावयाचें. आपल्या धर्मशाळांना असे लोक मिळाले असते तर त्यांची आजची दशा झाली नसती, असें मला तेथें वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

आतां जागेचा प्रश्न, आणि तोच सर्वांत नाजूक.

सर्वसाधारण नियम असा कीं, जो आधीं येईल त्याला जागा. जागा आगाऊ राखतां येत नाहीं, आणि मागून येणाऱ्या मित्रासाठीं रुमाल टाकून धरून ठेवतां तर मुळींच येत नाहीं. मोठ्या टोळीनें निवारा व्यापूं नये, बाजूला तंबू ठोकावे. एका ठिकाणीं सहसा दोन रात्रींपेक्षां अधिक मुक्काम करूं नये. परंतु सर्वत्र एकच कायदा आहे असें मात्र समजूं नये. टेनेसी व उत्तर कॅरोलिना यांच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानांत परवाना काढून कोणत्या रात्रीं कोणत्या निवाऱ्यांत हें आगाऊ ठरवावें लागतें, आणि सबंध वाट चालणाऱ्यांस, निवारा भरला असेल तर, उठून शेजारीं तंबूंत जावें लागतें. व्हर्जिनियांतील शेनान्डोआ उद्यानांतही परवाना लागतो, आणि तेथील निवारे निदान तीन रात्रीं रानांत काढणाऱ्यांसाठीं असतात. म्हणून मुलगा कोणत्या भागांतून चालणार आहे हें या भगिनींनीं आधीं विचारून घ्यावें, आणि तेथील परवान्याचा नियम त्यानें स्वतः वाचला आहे काय, हेंही.

आम्ही गेलों तें याच शेनान्डोआंत. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तीनच्या सुमारास आम्ही निवाऱ्यावर पोंचलों. दगडी, घट्ट बांधणीचा, सहा माणसांचा निवारा होता. दुसरें कोणीही नव्हतें. माझे पाय भरून आले होते आणि आयुष्यांतील चाळीस वर्षें मीं आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या व पुढें दुसऱ्या वर्गाच्या डब्यांत काढलेलीं आहेत. मोकळा बांक दिसला कीं जें करावयाचें तेंच मीं केलें. चौघांच्या पथाऱ्या ऐसपैस अंतर सोडून घातल्या, मध्यें मध्यें पिशव्या उभ्या केल्या, भिंतीच्या खुंट्यांवर ओले मोजे व टॉवेल वाळत टाकले. पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याजवळ तंबू आहे. आपण चौघे आहों, तेव्हां दोघांनीं तरी बाहेर झोंपावें असा रिवाज आहे." मीं म्हटलें, "अरे, सबंध निवारा रिकामा पडला आहे. कोणासाठीं बाहेर झोंपावयाचें? येणाऱ्याला येऊं दे, मग पाहूं." वडीलधाऱ्यांशीं वाद घालावयाचा नाहीं अशी आमच्या घरची शिस्त आहे, तो गप्प बसला. तंबू पिशवींतच राहिला.

पांच वाजतां पाऊस सुरू झाला. थोड्याच वेळांत सबंध वाट चालणारे दोघे तरुण आले. त्यांनीं एका नजरेंत आमचा पसारा पाहिला, कांहीं बोलले नाहींत, कडेच्या दोन हात जागेंत अंग चोरून बसले. सहा माणसें झालीं. माझ्या हिशेबानें निवारा भरला.

साडेसातच्या सुमारास, अंधार पडतां पडतां, एक बाई आल्या. वय सत्तरीच्या घरांत, एकट्या, नखशिखांत भिजलेल्या. ओट्याच्या कडेशीं सर्वांत पुढें मीच बसलों होतों. त्या कांहीं विचारण्यापूर्वींच मीं, शक्य तितक्या सभ्य इंग्रजींत, सांगितलें कीं येथें सहांची सोय आहे आणि आम्ही सहा आहों. हिशेब बरोबर होता. बाई "हो, हो" अशा अर्थाचें कांहींतरी पुटपुटल्या आणि वळचणीखालीं उभ्या राहून पाठीवरच्या पिशवीचा छातीवरील बंद सोडूं लागल्या. त्यांचा तंबू त्या पिशवींत असावा. बंद सुटेना. एकदां, दोनदां, तीनदां बोटें त्या कडीवरून घसरलीं. मला वाटलें, वय झालें आहे, अंधार आहे. कोपऱ्यांतला दाढीवाला तरुण मात्र ताडकन् उठला. त्यानें बाईंना त्यांचें नांव विचारलें, कोठून आल्या तें विचारलें. उत्तर आलें तें जड जिभेनें, शब्द एकमेकांत अडकल्यासारखें. त्यानें माझ्याकडे पाहिलेंही नाहीं. माझ्या व सूनबाईंच्या मधली पिशवी उचलून त्यानें बाहेरच्या ओट्यावर ठेवली, आणि बाईंना हाताला धरून आंत घेतलें.

पुढचें सूनबाईंनीं केलें. घोंगडीसारखें एक पांघरूण आडवें धरून त्याच्या आडोशाला त्यांचे ओले कपडे उतरविले, आपले कोरडे लोकरी कपडे अंगांत घातले, डोक्याला टोपी घातली, आणि त्यांना माझ्याच झोंपण्याच्या पिशवींत गळ्यापर्यंत बंद केलें. दुसऱ्या तरुणानें तोंवर चिमुकल्या स्टोव्हवर पाणी तापवून त्यांत भरपूर साखर घातली, आणि बाई नीट शुद्धीवर आहेत, गिळूं शकतात, हें पाहून तें घोट घोट पाजलें. अर्ध्या तासानें त्यांना हुडहुडी भरली. मला भीति वाटली, पण तो तरुण म्हणाला, कांपत आहेत तें उत्तम. अंग गारठलें असून कांपणें थांबतें तेव्हां भ्यावें.

याविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर, बर्फाचा मागमूस नसतांना, थंडीनें माणूस दगावूं शकेल हें आपल्या लोकांस खरें वाटत नाहीं. पाण्याचें बर्फ होण्याइतकी थंडी लागतच नाहीं. ओले कपडे, वारा, थकवा आणि रिकामें पोट एवढें जमलें म्हणजे पुण्याच्या डिसेंबरांतील पहाटेइतका गारवाही पुरतो. आधीं कांपरें भरतें. मग बोटें कामांतून जातात, बंद सुटत नाहीं, कडी लागत नाहीं. मग जीभ जड होते, पाय अडखळतात, आणि सर्वांत घातक गोष्ट ही कीं, विचारशक्तीच मंद झाल्यामुळें आपल्याला कांहीं झालें आहे हें त्या माणसाला कळत नाहीं. तो मदत मागत नाहीं. "हो, हो" म्हणतो. अशा वेळीं ओले कपडे काढणें, कोरडें घालणें, खालून व वरून ऊब देणें आणि शुद्ध असल्यास गरम गोड पेय देणें हाच उपाय. मद्य देणें हा अपाय. त्या मुलाला चार मित्रांत निदान दोघांनीं तरी हें पाठ करावें असें कळवावें.

एवढें झाल्यावर दाढीवाल्या तरुणानें माझ्याशीं प्रथमच शब्द काढला. रागानें नव्हे, एखाद्या नवख्याला सांगावें तसें. पाऊस पडत असतां निवारा भरत नसतो, असा या वाटेवरचा रिवाज आहे, तो म्हणाला. मीं मान हालविली. पुतण्या आणि त्याचा मुलगा तोंवर विजेऱ्या घेऊन पावसांत तंबू ठोकावयास निघाले होते. तीन वाजतां कोरड्या जमिनीवर दहा मिनिटांत झालें असतें त्या कामाला त्यांस पाऊण तास लागला आणि दोघेही चिंब झाले. मी उठूं लागलों तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही बसा." त्या "तुम्ही बसा" मध्यें आदर किती आणि काय, याचा मीं फारसा शोध घेतला नाहीं.

आमच्या आजोळच्या घराची ओसरी पंढरीच्या वाटेवर होती. आषाढांत पालखी यावयाच्या दिवशीं तिच्यावर किती माणसें झोंपत हें कोणी कधीं मोजलें नाहीं. आजोबा सोंवळ्याओंवळ्याचे कडक, पण त्या रात्रीं "जागा नाहीं" हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचें मला आठवत नाहीं. स्वतः माजघरांत सरकून ते आपली पडवी देत. तेथें वाढलेल्या माणसानें सात समुद्रांपलीकडे, दुसऱ्यांनीं बिनपगारी बांधलेल्या ओसरीवर बसून, सहाचा हिशेब सांगावा! बाईंना दुसऱ्या दिवशीं मीं क्षमा मागितली. त्यांना माझें वाक्य आठवतच नव्हतें.

म्हणून या भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नास माझें उत्तर असें : निवाऱ्यांत राहावयाचें असलें तरी चौघांना पुरतील असे तंबू बरोबर हवेतच. निवारा भरलेला मिळेल म्हणून तर हवेतच. पण आपण आंत असतांना कोणी मागून आला तर उठून बाहेर जातां यावें म्हणूनही हवेत. चौघां तरुण मित्रांनीं तर चांगल्या हवेंत निवाऱ्याकडे पाहूंच नये, झऱ्याजवळच्या नेमलेल्या जागीं तंबूंत झोंपावें. आणि ज्यांनीं कोरडेपणीं तंबू लावला त्यांस पावसांत लावावा लागत नाहीं, हा हिशेब कोणालाही समजण्यासारखा आहे.

स्वच्छतेचे नियम आपल्या घरांतील बायकांस नव्यानें सांगावयास नकोत. कोणी सुकामेवा पुढें केला तर पिशवींत हात घालावयाचा नाहीं, ओंजळ पुढें करावयाची, देणाऱ्यानें वरून ओतावयाचें. उष्ट्याचा विचार हा बुरसटलेपणा आहे असें म्हणणाऱ्या आमच्या सुशिक्षित पुतण्यानें तेथें हा नियम अत्यंत निष्ठेनें पाळलेला पाहून मला गंमत वाटली. कारण साधें आहे. नोरोव्हायरस नांवाच्या विषाणूची उलटी-जुलाबांची साथ या वाटेवर पुनःपुन्हां येते, आणि ती हातोहात, भांड्यांतून, निवाऱ्यांतून पसरते. हाताला चोळावयाचें तें मद्यार्काचें औषध तिच्यावर फारसें चालत नाहीं. साबण आणि पाणीच लागतें. मात्र तो साबण झऱ्यांत न्यावयाचा नाहीं. पाणी भांड्यांत घेऊन सत्तर-ऐंशी पावलें दूर जावें, तेथें हात व भांडीं धुवावीं. भांड्यांतले शितकण गाळून कागदांत बांधून परत न्यावयाचे. खरकटें रानांत टाकावयाचें नाहीं.

शौचकूपाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. कांहीं निवाऱ्यांवरील कूप मळाचें हळूहळू खत होईल अशा रीतीनें बांधलेले असतात. शेजारीं लाकडाच्या भुशाची बादली असते, प्रत्येक वेळीं मूठभर भुसा टाकावयाचा. कागदाखेरीज कसलाही कचरा आंत जातां कामा नये, कारण तो पुढें कोणातरी स्वयंसेवकाला हातानें वेंचून काढावा लागतो. कूप नसेल तेथें पाण्यापासून व वाटेपासून सत्तर-ऐंशी पावलें दूर जाऊन वीतभर खोल खड्डा खणावा व मागाहून बुजवावा. यासाठीं लहानसें खुरपें बरोबर असावें.

रात्रींचे नियम एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास जड जाऊं नयेत. वाटेवर रात्रींचे नऊ म्हणजे मध्यरात्र मानतात. दिवसभर वीस मैल चालून आलेला मनुष्य अंधार पडतांच झोंपतो, आणि त्याच्या उशाशीं बसून फोनवर घरची ख्यालीखुशाली विचारणें हें दुष्टपणाचें काम आहे. डोक्याला बांधावयाच्या विजेरीचा पांढरा झोत ज्याच्याकडे पाहावें त्याच्या डोळ्यांत जातो; बहुतेक विजेऱ्यांत तांबडा दिवाही असतो, तो वापरावा. पहाटे लवकर निघावयाचें असेल तर सामान रात्रींच बांधून ठेवावें. पहाटे चार वाजतां प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरविणाऱ्यास तेथें घोरणाऱ्यापेक्षांही अधिक शिव्या बसतात. घोरण्याला उपाय नाहीं. शहाणे लोक कानांत बोळे घालून झोंपतात. मी घोरतों असें घरचीं माणसें म्हणतात; त्या रात्रीं झोंपच न लागल्यामुळें सहप्रवाशांची सुटका झाली. चूल फक्त नेमलेल्या आगटींत पेटवावी, तीही त्या भागांत परवानगी असेल तर, आणि जमिनीवर पडलेल्या वाळक्या काटक्यांनीं. उभें झाड तोडूं नये. निवाऱ्याच्या भिंतीवर नांव कोरूं नये, हें महाराष्ट्रांतील गडांवर हिंडून आलेल्या तरुणांस विशेष बजावून सांगतों.

नांव लिहिण्याची हौस असेल तर तिच्यासाठीं वही असते. प्रत्येक निवाऱ्यांत एक साधी नोंदवही दोरीनें किंवा डब्यांत ठेवलेली असते. तींत तारीख, आपलें नांव, कोठून आलों व कोठें जाणार हें लिहावें. कोणी विनोद लिहितो, कोणी झऱ्याला पाणी किती आहे तें लिहितो. पण एखादा वाटसरू हरवला म्हणजे शोध घेणारे या वह्या चाळतात, आणि तो शेवटीं कोणत्या निवाऱ्यावर होता हें तींवरून ठरवितात. मुलानें रोज वहींत लिहावें, आणि आठ दिवसांचा मार्ग आपल्या मागें कोणातरी शहाण्या माणसाजवळ लिहून ठेवावा. तो मार्ग आईजवळही असूं द्यावा.

आतां लाडू.

या डोंगरांत काळीं अस्वलें आहेत. तीं सहसा माणसाच्या वाटेस जात नाहींत, पण त्यांचें नाक विलक्षण आहे. रात्रीं खाण्याचा प्रत्येक पदार्थ, दांत घासण्याची पेस्ट, साबण, रिकामें कागद, सगळें सगळें एका पिशवींत घालून निवाऱ्यापासून दूर टांगावयाचें असतें. शेनान्डोआंतील निवाऱ्यांजवळ यासाठीं दोन पुरुष उंचीहून अधिक असा पोलादी खांब उभा असतो. त्याच्या माथ्यावर आंकडे असतात, आणि एका लांब जड गजानें पिशवी उचलून त्या आंकड्यांत अडकवावी लागते. गजाच्या टोंकावर डुलणारी पिशवी अंधारांत आंकड्यांत अडकविणें हा खेळ एकदां पाहण्यासारखा आहे. इतरत्र तारा किंवा लोखंडी पेट्या असतात. कांहीं नसेल तेथें झाडाच्या फांदीवरून दोरीनें, जमिनीपासून बारा फूट वर व खोडापासून सहा फूट दूर, पिशवी टांगावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे अस्वलाला न उघडणारा टणक डबा. जॉर्जियांत ब्लड डोंगराजवळच्या पांचेक मैलांत वसंत ऋतूंत असा डबा सक्तीचाच आहे.

हें सारें माणसाच्या जिवासाठीं आहे, तसेंच अस्वलाच्या जिवासाठींही आहे. एकदां माणसाचें अन्न तोंडाला लागलें कीं तें अस्वल पुनःपुन्हां येतें, धीट होतें, आणि अखेर उद्यानाच्या अधिकाऱ्यांस त्याला मारावें लागतें. स्मोकी पर्वतांतील निवाऱ्यांना पूर्वी अस्वलांपासून रक्षण म्हणून पुढून तारेची जाळी होती. परिणाम असा झाला कीं, लोक जाळीच्या आड सुरक्षित बसून अस्वलांना आंतून खाऊं घालूं लागले! त्या जाळ्या बहुतेक ठिकाणीं काढून टाकिल्या आहेत.

अस्वल क्वचित् येतें, उंदीर रोज येतात. निवारा म्हणजे त्यांचें वंशपरंपरागत घर. आढ्याला लोंबणाऱ्या दोऱ्यांना मध्यें एकेक पालथा पत्र्याचा डबा ओंवलेला दिसला तेव्हां तो कशासाठीं हें मला कळेना. दोरीवरून उतरणारा उंदीर त्या डब्यावरून घसरून पडावा व खालीं टांगलेली पिशवी वांचावी, अशी ती युक्ति आहे. पाठीवरच्या पिशव्यांचे कप्पे रात्रीं उघडेच ठेवावे, म्हणजे उंदीर कुरतडल्यावांचून आंत-बाहेर करितो.

पहिल्या रात्रीं सूनबाईंनीं सर्वांचें खाणें गोळा केलें, तेव्हां मीं बेसनाच्या दोन लाडवांची पुडी कोटाच्या खिशांत तशीच ठेवली होती. पहाटे भूक लागली तर असावी, एवढाच हेतु. पहाटे खिशाला रुपयाएवढें भोंक होतें, पुडीचे कपटे होते, आणि माझ्या उशाशीं बेसनाचा भुगा सांडलेला होता. बारा वर्षांच्या नातवानें तो कण न् कण टिपून कागदांत बांधला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "आजोबा, बरें झालें, उंदीरच होता."

तेव्हां लाडू अवश्य पाठवावे. तूप बेताचें असावें, आकार लहान असावा, आणि एकेक लाडू वेगळा बांधावा, म्हणजे दुसऱ्यास देतांना हात लावावा लागत नाहीं. चार पाठवूं नयेत, वीस पाठवावे, कारण निवाऱ्यांत बसून एकट्यानें खातां येत नाहीं. घरची गोधडी मात्र पाठवूं नये. कापूस भिजला कीं ऊब देत नाहीं आणि वाळावयास दोन दिवस घेतो. झोंपण्याची हलकी पिशवी, खालीं घालावयाची चटई आणि लोकरीचा एक जादा कपडा तेथेंच घ्यावा, आणि हा जादा कपडा शेवटच्या रात्रीपर्यंत कोरडा ठेवावा.